वहीत नसलेला रकाना



मी भिवंडीकडच्या एका गोदामात कारकून आहे. फाटकावरची वही माझ्याकडे असते. गाडीचा नंबर, बिल्टीचा नंबर, नग किती, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, एवढेच तिचे रकाने. पंधरा वर्षे मी ती भरत आलो आणि तिच्यात काही उणे आहे असे मला कधी वाटले नाही.

गेल्या पावसाळ्यात नांदेडकडचा एक ड्रायव्हर आला. पस्तिशीचा असेल. दुपारी चार वाजता त्याची गाडी आत घेतली आणि मी तशी वेळ लिहिली. त्याने वहीत डोकावून विचारले, "साहेब, मी पहाटे पाचला आलोय. ते कुठं लिहिलंय?"

मी म्हणालो, "तसा रकाना नाही भाऊ."

"मग अकरा तास मी कुठं होतो म्हणायचं?"

तो कुठे होता हे मी पाहिले होते. रस्त्याच्या कडेला, रांगेत. रांग सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते, म्हणून झोपता येत नाही. माल भिजला तर पैसे कापतात, म्हणून दर सरीला वर चढून ताडपत्री पाहायची. केबिनच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भात शिजवायचा. शौचाला जायचे तर आमच्या फाटकावर "बाहेरच्यांना मनाई" अशी पाटी. क्लीनर परवडत नाही म्हणून सोबतीलाही कोणी नाही.

रात्री नऊला तो मोकळा झाला आणि दुसरी खेप भरून लगेच नागपूरला निघाला. जवळजवळ सातशे किलोमीटर. पगार खेपेवर, थांबला तर खुराकी स्वतःच्या खिशातून. पुढच्या वेळी आला तेव्हा सहज सांगून गेला, "त्या रात्री डोळा लागला होता साहेब. कडेच्या खडबडीत पट्टीवर चाक गेलं, खडखडाट झाला, म्हणून जागा झालो." घरी बायको आणि दोन मुली आहेत. त्यांना हे सांगितले नाही म्हणाला.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. रेल्वेची वाघीण ठरल्या वेळेपेक्षा जास्त अडकली की तासावर डेमरेज लागते, हे आम्हाला शिकवले होते. लोखंडाच्या वाघिणीच्या वेळेला किंमत आहे. माणसाच्या वेळेला का नाही? ट्रकचे हॉल्टिंग मिळाले तरी ते मालकाच्या खात्यात जमा होते. ड्रायव्हरच्या हाती त्यातले किती येते, हे त्यालाच विचारा.

कायदा नव्हता असे नाही. १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. ते विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले होते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरलाही दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले. लांब पल्ल्याला मंजुरी घेऊन फार तर १० आणि ५४. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून सुटला. शिवाय मुक्कामावर नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांच्या आतला असेल तरच कामात धरायचा, असे त्याच्या व्याख्येत होते. आमच्या फाटकावरचे अकरा तास कामही नव्हते आणि विश्रांतीही नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या संहितेत सामावला गेला. आठ तासांचा नियम तिथेही आहे. तो पाळला जातो की नाही हे पाहणार कोण?

रस्त्यावरचा वेळ मात्र वाचला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईचे जकात नाके उठले. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकला वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चांगलेच झाले. पण रांगेत इंजिन बंद असते, तिथे गारवा कुठून येणार? वाचलेला वेळ शेवटी फाटकावरच जिरतो, आणि त्याची भरपाई ड्रायव्हर आपल्या झोपेतून करतो.

त्या दिवसानंतर मी वहीत पट्टी घेऊन पेन्सिलीने एक रकाना आखला: "रांगेत आल्याची वेळ". महिन्याभराने ती वही साहेबांपुढे ठेवली. साहेब आधी चिडले, मग आकडे पाहून गप्प झाले. आता आमच्याकडे सकाळी टोकन मिळते, त्यामुळे ड्रायव्हर चार तास निजू शकतो. शौचालयाला कुलूप नसते, आणि ती पाटीही काढली. एवढेच झाले, पण रकाना आखला नसता तर एवढेही झाले नसते.

आपल्यापैकी कितीतरी जण गोदामांत, काट्यावर, फाटकावर नोकरीला आहेत. कोणी मापाडी, कोणी कारकून, कोणी पहारेकरी. बंधूंनो, आपल्या वहीत हा रकाना आखा. आणि ज्यांच्या घरचा माणूस गाडीवर आहे त्या भगिनींनी त्याला सांगावे, पोचल्याची वेळ बिल्टीच्या प्रतीवर रोज लिहून ठेव. उद्या हक्क मागायचा तर कागद लागतो.

जे लिहिले जात नाही, ते कोणी देत नाही.