घरपट्टीची पावती घेऊन ग्रामसभेला जा

इंग्लंडमधल्या पॅरिश कौन्सिलच्या हाती सत्ता अशी फारशी नसते. रस्ते कौंटीकडे, बांधकाम परवानगी जिल्ह्याकडे. पॅरिशने फक्त आपले मत कळवायचे. १८९४च्या कायद्याने गावकारभार चर्चच्या सभेकडून निवडून आलेल्या सभासदांकडे आला. तेव्हापासून दिवाबत्ती, दफनभूमी, खेळाचे मैदान, बसथांब्याची शेड असली कामे पॅरिश कौन्सिल बघते. माझ्या सातारा जिल्ह्यातली ग्रामपंचायत याहून कितीतरी जास्त ओझे वाहते. तरीही ऑक्सफर्डशायरच्या ज्या खेड्यात मी राहते, तिथली एक रीत आपल्याकडे यावी असे मला मनापासून वाटते. इथली कौन्सिल लागणारा पैसा गावाकडेच मागते आणि तो कशाला हवा, हे शेजाऱ्यांच्या तोंडावर सांगते.

या मागणीला ‘प्रिसेप्ट’ म्हणतात. हिवाळ्यात कौन्सिल आकडा ठरवते, जिल्हा तो घराघरांच्या कौन्सिल टॅक्समध्ये धरून वसूल करतो. यंदा आमच्याकडे झोपाळ्यांची दुरुस्ती आणि गवत कापण्याचा ठेका यांवर बराच वेळ खल झाला. एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, “ठेका एवढा कसा वाढला? दुसरे कोटेशन कुठे आहे?” क्लार्कबाईंनी फाइल चाळली. त्या अर्धवेळ, आणि कौन्सिलच्या एकट्या पगारी नोकर. दुसरे कोटेशन मागवलेलेच नव्हते. विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि तोवर दोन कोटेशने आली. आमच्या सभासदांना मानधन नाही, पण त्या शिक्षिका उद्या दुकानात भेटणारच, तेव्हा उत्तर द्यावेच लागते.

कायदाही पाठीशी आहे. बैठकीची विषयपत्रिका पूर्ण तीन दिवस आधी लागते, बैठकीला कोणीही बसू शकते. दर उन्हाळ्यात तीस कामकाजाचे दिवस हिशेब खुले असतात; बिलेसुद्धा बघता येतात. माझे पारपत्र भारतीय आहे, पण राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून इथे मलाही मत आहे.

आपल्या ग्रामसभेला कायद्याने कमी दिलेले नाही. वर्षाला किमान चार सभा, गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली कमी असेल ती. पण गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि मूठभर माणसांत ठराव उरकतात. लोक का येत नाहीत? माझ्या मते, मोठा पैसा वरून येतो म्हणून. पंधराव्या वित्त आयोगाने तर ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी आधीच बांधून दिला. ज्या पैशासाठी आपल्या खिशात हात घालावा लागला नाही, त्याचा हिशेब कोण पोटतिडकीने मागणार? उरली खिशातून भरायची घरपट्टी; पण मते जातील या धास्तीने सरपंच तिच्या थकबाकीचा तगादा लावत नाही, आणि पट्टी न भरणाऱ्याला जाब विचारायला तोंड राहत नाही.

अनुदान बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही. पाण्याची टाकी घरपट्टीतून उभी राहणार नाही. पण गावाने भरलेल्या पैशाचे काय झाले, एवढे तरी गावाने विचारलेच पाहिजे. येत्या ग्रामसभेला घरपट्टीची पावती खिशात घालून जा, गेल्या वर्षीचा जमाखर्च वाचून दाखवायला सांगा, आणि शेजारच्या चार घरांना बरोबर न्या, म्हणजे सभा तहकूब होणार नाही.