नाक आणि झाडू

आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले हा महादेव कोळी. 1873 पासून त्याने डोंगरपट्ट्यात सावकारांवर धाडी घातल्या. कित्येकांची नाके कापली. 1876 साली तो पकडला गेला. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर, इथल्या आदिवासींच्या लेखी क्रांतिकारक.

पण नाकच का? आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रू. खोटे कागद करून जमिनी गिळणारा सावकार नाक गमावून बाजारात फिरला, की वेगळी दवंडी द्यावी लागत नाही. शिक्षा स्वतःच बोलते.

फिलिप स्मिथ या समाजशास्त्रज्ञाने 2008 साली शिक्षा आणि संस्कृती या विषयावर पुस्तक लिहिले, त्यात हाच मुद्दा आहे. शिक्षा म्हणजे नुसता सत्तेचा बडगा नव्हे; समाजाच्या शुद्ध-अशुद्धाच्या कल्पना तिच्यात उतरतात. त्यासाठी तो गिलोटिनचे, विजेच्या खुर्चीचे दाखले देतो. शुद्ध-अशुद्ध म्हणजे काय ते आपल्याला परक्याने सांगायला नको म्हणा!

आपल्याकडचा दाखला तुरुंगातच सापडतो. कोर्ट सजा देते ती अमुक वर्षांची. त्या कागदावर जात नसते. पण आत गेल्यावर स्वयंपाक कोणी करायचा आणि संडास कोणी झाडायचा, हे अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्या जातीवरून ठरवीत होत्या. एकाच गुन्ह्याला एकाच्या हाती पळी, दुसऱ्याच्या हाती झाडू! म्हणजे दुसऱ्याला सजा दोन: एक न्यायाधीशाने दिलेली, एक जन्माने.

मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे बाहेर काढले आणि सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी न्यायालयाने ही कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. अस्पृश्यता बंद करणारे 17 वे कलम त्यात आधाराला होते. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, तीन महिन्यांत नियम बदला, असा हुकूम झाला. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरचा तो शिक्का 1952 साली कायद्याने पुसला; नियमावल्यांत मात्र त्याचे डाग राहिले होते. न्यायालयाने त्यावरही बोट ठेवले.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. रकाना कागदावरून गेला तरी साहेबाच्या डोक्यात तो किती दिवस टिकतो, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ज्यांचे कोणी आत आहे त्यांनी मुलाखतीला गेल्यावर लाजू नये. जेवण मिळते का हे विचाराच, आणि काम कोणते दिले तेही विचारा. झाडूच दिला असेल तर, का दिला, तेही विचारा आणि आम्हाला कळवा.