सहल की वरात?

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. फळ्यावर तारीख लागते, तिच्याखाली वर्गणीची रक्कम लिहिली जाते, संमतिपत्रांचा गठ्ठा मुख्याध्यापकांच्या टेबलावर जमतो आणि एके दिवशी भल्या पहाटे गाडी निघते. पुणे जिल्ह्यात अशा गाड्यांचे एक हमखास ठिकाण म्हणजे कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. पेशवे उद्यानात १९५३ साली सुरू झालेला प्राणिसंग्रह १९९९ साली येथे हलविण्यात आला. सुमारे १३० एकरांच्या या आवारात तळे आहे, सर्पोद्यान आहे आणि जखमी वा पोरक्या प्राण्यांचे अनाथालयही आहे. मुलांनी तेथे जावे की नाही, हा प्रश्नच नाही. जाऊन काय घेऊन यावे, हा खरा प्रश्न आहे, आणि मुळशी तालुक्याच्या संदर्भात तो अधिक टोकदार होतो.

मुळशी हा एकच तालुका असला तरी त्याची टोके दोन आहेत. पूर्वेस हिंजवडी, जेथे काचेच्या इमारतींच्या सावलीत वातानुकूलित शाळा उभ्या आहेत. पश्चिमेस ताम्हिणीचा घाट आणि धरणाकाठच्या वाड्यावस्त्या, जेथे दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात. पूर्वेकडच्या मुलाने बिबट्या पडद्यावर पाहिलेला असतो, तर पश्चिमेकडच्या मुलाच्या घरी बिबट्याच्या भीतीने गोठ्याचे दार सांजवेळीच लागते. पहिल्यास पिंजऱ्यातील प्राणी हा चमत्कार वाटतो. दुसऱ्यास मात्र, ज्याचे भय बाळगले त्यास प्रथमच उजेडात निवांत न्याहाळण्याची ती संधी असते. या दोघांना एकाच रांगेत उभे करून, ‘हा बघा बिबट्या, चला पुढे,’ म्हणून हाकलणे, यास आम्ही शिक्षण म्हणणार नाही.

हा दोष आम्ही इतरांच्या माथी मारीत नाही. आम्ही स्वतः शाळामास्तर असताना हेच केले आहे. साठ मुले एका दुपारी एका प्राणिसंग्रहालयातून आम्ही अशी फिरविली, की कोणी हरवू नये एवढेच काय ते आमचे ध्येय होते. दुसऱ्या दिवशी निबंध लिहावयास सांगितला, तेव्हा बहुतेकांनी ‘सिंह हा जंगलाचा राजा आहे’ या वाक्याने आरंभ केला. हे वाक्य तर त्यांना घरी बसूनही ठाऊक होते! एका मुलाने मात्र लिहिले, ‘वाघ सारखा त्याच वाटेने फिरत होता. तो काय शोधत होता ते गुरुजींना विचारायचे होते, पण वेळ नव्हता.’ ते वाक्य आम्हास आजही बोचते. त्या साठांत शिकावयास आलेला तो एकच होता, आणि आम्ही त्यास पुढे चालावयास लावले होते.

सहलीचे शिक्षण व्हावयाचे, तर तिची आखणी गाडी ठरविण्यापूर्वी आठ दिवस वर्गात सुरू झाली पाहिजे. शिक्षकाने एकदा स्वतः जाऊन यावे. संग्रहालयाचा साप्ताहिक सुटीचा वार विचारून घ्यावा. बंद दारावरून परतलेल्या गाड्यांच्या कथा आपण ऐकतोच. सर्व प्राणी दाखविण्याचा हव्यास सोडून तीनच निवडावेत आणि प्रत्येकापुढे वीस मिनिटे मुलांना स्वस्थ उभे राहू द्यावे. दुपारी जनावरे विश्रांती घेतात, म्हणून सकाळी पोहोचावे. प्रश्न उत्तरांची पाने भरण्यासाठी नसावेत, पाहण्यासाठी असावेत. अस्वलाची नखे कशासाठी लांब? चितळे चरताना एकाच वेळी सर्वांच्या माना का खाली जात नाहीत? प्राण्यांना खाऊ टाकणे, डिवचणे वा आरडाओरड करणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अपराध आहे, हेही मुलांनी निघण्यापूर्वीच जाणावे.

मुळशीच्या मुलांसाठी त्या आवारात दोन धडे विशेष मोलाचे आहेत. पहिला सर्पोद्यानातला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांशी भातखाचरात राबणाऱ्या कुटुंबांची गाठ पडते, आणि आपल्या देशात तयार होणारी सर्पदंशावरील लस याच चौघांच्या विषावर चालते. धामण आणि नाग यांतील भेद ज्या मुलाने काचेआडून नीट पाहिला, ते निरुपद्रवी धामण मारू देणार नाही. आणि बापास दंश झाला, तर मांत्रिकाकडे न नेता रुग्णालयाची वाट धरण्याचा हट्ट तेच धरील. एवढ्या एका गोष्टीने सहलीचा सारा खर्च भरून निघतो.

दुसरा धडा दुःखद आहे. जुलै २०२५ मध्ये याच संग्रहालयातील सोळा चितळे दगावली आणि तपासणीअंती लाळ्या-खुरकताचे निदान झाले. हा रोग शहरी मुलास अपरिचित आहे, पण गोठा असलेल्या घरातील मुलास तो नावाने ठाऊक असतो. रानातील, पिंजऱ्यातील आणि दावणीचे जनावर एकाच रोगाने बांधलेले आहे, हे तेथे उभे राहून जो सांगेल, तो शिक्षक. अशा वेळी वर्गात मागच्या बाकावर बसणारा गुराख्याचा मुलगा बोलू लागेल आणि शिक्षकासही चार गोष्टी शिकवील.

सुरक्षेविषयी बेफिकिरी नको. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या सहलीतील तरुण विद्यार्थी बुडाले, ती जखम या शहराने विसरू नये. पौडहून कात्रजला जाणारी वाट चांदणी चौकातून बाह्यवळण मार्गास लागते आणि नवले पुलाच्या अपघातप्रवण उतारावरून जाते. तेव्हा गाडी सुस्थितीत, चालक विश्रांती घेतलेला आणि परतीचा प्रवास उजेडी, या तीन बाबतींत तडजोड नसावी. दहा-बारा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, आणि त्याला त्या मुलांची नावे ठाऊक असावीत.

आता सर्वांत अवघड मुद्दा. वर्गणी न भरता आल्याने जे मूल त्या दिवशी घरी राहते, त्याचे काय? ते मूल दुसऱ्या दिवशी ‘पोटात दुखत होते’ असे सांगते, आणि शिक्षक ते खरे मानल्याचे दाखवितो. ज्या सहलीत वर्गातील एक मूल दारिद्र्यापायी मागे राहते, ती सहल नव्हे. ती ऐपतदारांची वरात आहे. शैक्षणिक सहलींना एस. टी. महामंडळ भाड्यात सवलत देते, तिचा लाभ घ्यावा. उरलेला भार जिल्हा परिषद आणि पुणे महानगरपालिका यांनी वाटून घ्यावा. डोंगरी भागातील जिल्हा परिषद शाळांसाठी आठवड्यातील एक सकाळ राखून ठेवावी, प्रवेशशुल्क माफ करावे आणि माहिती सांगणारा एक जाणता माणूस सोबत द्यावा, अशी आमची मागणी आहे.

यात उपकाराचा भाग नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालेच, गावे पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईस मिळाली. पुढे हिंजवडीच्या जमिनींवर पुण्याची भरभराट उभी राहिली. ज्या तालुक्याकडून शहरांनी पाणी घेतले, वीज घेतली, जमीन घेतली, त्याच्या मुलांना एक सकाळ देणे हे देणग्यांच्या नव्हे, देण्यांच्या खात्यात लिहावयाचे आहे.

आणि परतफेड दुहेरी व्हावी. ताम्हिणीचे रान अभयारण्य म्हणून २०१३ पासून संरक्षित आहे. तेथे आपला राज्यप्राणी शेकरू मोकळेपणी झाडांवरून झेपावतो. शहरातील शाळांनी आपली एक गाडी तिकडे वळवावी आणि वाट दाखविण्याचा मान त्याच गावच्या मुलांना द्यावा. पिंजऱ्यातला वाघ एका ठरावीक वाटेनेच का फिरतो, या प्रश्नाचे उत्तर कदाचित त्या रानातच मिळेल. मात्र या वेळी कोणी, ‘चला पुढे,’ म्हणू नये.