बिघाड नेमका कुठे?

‘टीव्ही बिघडला’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे, दोघांचा मेळही आहे. तरीही हे वाक्य जवळजवळ पोकळ आहे, असे माझे अलीकडे मत झाले आहे. ते कसे झाले, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. माझी आजी कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात एकटी राहते. गुडघ्यांमुळे तिचे देवळात जाणे बंद झाले, तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा वाजता यूट्यूबवरचे कीर्तन ऐकणे हा तिचा नेम. काकांनी २०१७ साली घेऊन दिलेला स्मार्ट टीव्ही हेच तिचे देऊळ म्हणा ना! जुलै महिन्यात इंटरनेटवाल्यांनी जुना राऊटर काढून नवा बसवला आणि त्या दिवसापासून टीव्हीला वायफाय लागेना. पडद्यावर वायफायचे नाव दिसे, पासवर्ड घातला की एक चक्र गरगर फिरे आणि शेवटी तीच ओळ उमटे : ‘कनेक्ट होऊ शकले नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

पुन्हा प्रयत्न करा! किती वेळा? आणि काय वेगळे करून? याविषयी यंत्र गप्प.

आम्ही इंटरनेटवाल्यांना फोन केला. त्यांचा माणूस आला, स्वतःच्या मोबाइलवर नेट चालते हे त्याने दाखवले आणि ‘टीव्हीवाल्यांना विचारा’ असे सांगून तो गेला. टीव्हीवाल्यांच्या मदतकेंद्राने टीव्ही बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले आणि मग ‘नेटवाल्यांना विचारा’ असा सल्ला दिला. अशी टोलवाटोलवी अकरा दिवस चालली. काकांनी हप्त्यावर नवा टीव्ही घ्यायचे जवळजवळ ठरवलेच होते. मी जरा पाहते म्हटले, तर ते हसून म्हणाले, “तू कला शाखेची. तुला यातलं काय कळणार?”

पण मला खरे लागले ते काकांचे बोलणे नव्हे. एका संध्याकाळी आजीने हलकेच विचारले, “माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का गं?” आणि त्या दिवसापासून तिने रिमोटला हात लावणे सोडले. तिने काहीच चुकीचे केले नव्हते. पण दोष कुणाचा हे कोणीच सांगेना, तेव्हा तो सर्वांत गरीब स्वभावाच्या माणसाने आपल्या अंगावर घेतला. बिघाडाचा पत्ता लागला नाही की असेच होते. दोष उताराच्या दिशेने वाहत जातो.

शेवटी मी पेठेतल्याच अण्णांकडे गेले. अण्णांचे पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही चित्र दिसू लागले. तो काळ त्यांनी पाहिला आहे. एकाने कौलांवर चढून अँटेना सिंहगडाकडे वळवायची, दुसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं... गेलं!’ असे ओरडायचे, हा त्यांच्या आठवणीतला नित्याचा सोहळा. स्मार्ट टीव्ही त्यांनी कधी उघडलेला नाही. ते म्हणाले, “पोरी, वायफायमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण मला एक सांग, काय चालत नाही ते सगळेच सांगतात. चालतंय काय?”

हा प्रश्न अकरा दिवसांत आम्हाला कोणीच विचारला नव्हता!

अण्णांनी मग मला एका कागदावर सरळ रेघ ओढायला लावली. एका टोकाला भिंतीतून येणारी इंटरनेटची तार, दुसऱ्या टोकाला कीर्तन. मधली ठाणी मी वाचून, विचारून भरली, ती अशी : तारेतून नेट राऊटरपर्यंत आले पाहिजे. राऊटरच्या लहरी हवेतून टीव्हीपर्यंत पोहोचल्या पाहिजेत. टीव्हीने पासवर्ड सांगितल्यावर दोघांची सांकेतिक भाषा जुळली पाहिजे. मग राऊटरने टीव्हीला त्या घरापुरता एक क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, दिला पाहिजे. यूट्यूब या नावामागचा खरा क्रमांक शोधून देणारी सेवा, तिला डीएनएस म्हणतात, तिने उत्तर दिले पाहिजे. समोरचा संगणक खरोखर तोच आहे याचे प्रमाणपत्र टीव्हीला पटले पाहिजे. आणि सगळ्यात शेवटी ते ॲप त्या टीव्हीवर चालले पाहिजे. सात ठाणी! यांपैकी कुठेही गाडी अडली तरी आपण एकच वाक्य बोलतो, टीव्ही बिघडला.

अण्णांचा दुसरा नियम असा, की टोकापासून चाचपडत बसू नये. मध्येच एक घाव घालावा आणि बिघाड डावीकडे की उजवीकडे ते पाहावे. आमच्या बाबतीत हा घाव म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. राऊटर बाजूला ठेवून टीव्ही माझ्या मोबाइलला जोडला आणि काय आश्चर्य, क्षणात ‘कनेक्टेड’ असे आले! म्हणजे टीव्हीचा वायफायचा भाग शाबूत होता. नवा टीव्ही घेण्याचे कारणच उरले नाही. मोबाइलला त्याच राऊटरवरून नेट मिळत होते, म्हणजे राऊटरही शाबूत. बिघाड या दोघांच्या मध्ये होता. दोन्ही कंपन्या आपापल्या परीने खरे बोलत होत्या. फक्त त्या दोघींमधली जागा कुणाचीच नव्हती.

मग मी लहरींचा विचार केला. घरगुती वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. ५ चा पट्टा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकणारा, २.४ चा पट्टा संथ, पण भिंती अधिक चांगल्या ओलांडणारा. स्वस्तातल्या पुष्कळ टीव्हींना फक्त २.४ चाच पट्टा कळतो आणि त्याच पट्ट्यात ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह ओव्हन यांचीही गर्दी असते. वाड्याच्या जाड भिंतींवर माझा संशय होता. राऊटर टीव्हीच्या शेजारी आणून ठेवला. फरक पडला नाही. भिंती निर्दोष ठरल्या!

राहिली सांकेतिक भाषा. राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिले, तर सुरक्षेच्या रकान्यात ‘डब्ल्यूपीए ३’ एवढेच निवडलेले होते. ही पद्धत २०१८ साली जाहीर झाली. आमचा टीव्ही २०१७ चा; त्याला तिच्या आधीची, २००४ पासून चालत आलेली ‘डब्ल्यूपीए २’ हीच पद्धत येत होती. पासवर्ड बरोबर होता, पण तो ज्या बोलीत सांगायचा ती बोलीच टीव्हीला अवगत नव्हती. दोन्ही पद्धती चालतील असा पर्याय त्याच रकान्यात होता. तो निवडला आणि अकरा दिवसांनी टीव्हीला वायफाय लागले.

माझा हा विजय अर्धा मिनिट टिकला. वायफाय लागले, पण यूट्यूब उघडेना!

येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. हॉटस्पॉटवर तपासले तेव्हाही यूट्यूब उघडले नव्हते. ‘मोबाइलची रेंज कमी असेल’ म्हणून मी ते सोडून दिले होते. पुरावा समोर असताना तो आपल्या सिद्धान्तात बसत नाही म्हणून बाजूला सारायचा, ही आपल्या निबंधांतली जुनी खोड येथेही नडली. पुन्हा कागद काढला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पाहिले, तर दिनांक होता १ जानेवारी २०१६. पहिल्या चार दिवसांत काकांनी आणि मी घाईघाईने जे दिसेल ते दाबले होते. त्यात वेळ आपोआप घेण्याची सोय बंद झाली होती आणि टीव्ही उपटून ठेवल्यावर त्याचे घड्याळ मागे गेले होते. प्रत्येक प्रमाणपत्राला ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत’ अशी मुदत असते. आमच्या टीव्हीच्या मते वर्ष २०१६ चे होते, म्हणजे समोर आलेले प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नव्हते. त्याने ते नाकारले, यात त्याचे काय चुकले? दिनांक बरोबर केला आणि आजीच्या खोलीत टाळ वाजले.

पहिला बिघाड राऊटरच्या सेटिंगमधला; दुसरा आमचा स्वतःचा, दुरुस्तीच्या नावाखाली केलेला. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा, हा अण्णांचा तिसरा नियम मला आधी कळला असता तर तो टळला असता.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. आपल्याकडे, विशेषतः कला शाखेत, ‘हे आपले काम नाही’ असे म्हणण्यात एक प्रकारची प्रतिष्ठा मानली जाते. यंत्र म्हणजे विज्ञानवाल्यांचा प्रांत आणि आपला प्रांत भावनेचा, अशी वाटणी आपण आपणच करून टाकली आहे. मला ही वाटणी मान्य नाही. त्या अकरा दिवसांत मला उपयोगी पडले ते विज्ञान थोडे आणि वाचन जास्त. ‘कनेक्ट होऊ शकले नाही’ या वाक्यात कर्ता कुठे आहे? कोण होऊ शकले नाही, कुणाशी, कोणत्या पायरीवर? कर्ता लपवणारी वाक्यरचना ओळखायला आम्हाला मराठीच्याच वर्गात शिकवले आहे. इतिहासाच्या वर्गात दोन साक्षींची पडताळणी शिकवतात, तर्कशास्त्राच्या वर्गात एकेक शक्यता खोडणे शिकवतात. ही सगळी हत्यारे आपल्याकडे आहेत. आपण ती परीक्षेपुरती बाहेर काढतो आणि पुन्हा गंजायला ठेवतो, एवढेच.

कोणी म्हणेल, ज्याचे काम त्याने करावे. प्रत्येकाने मेकॅनिक व्हायचे की काय? मुळीच नाही. टीव्हीचे मागचे झाकण उघडणे हे माझे काम नाही आणि मी ते उघडणारही नाही. आतल्या काही भागांत प्लग काढल्यावरही विजेचा साठा राहू शकतो. पण बिघाड कुठे आहे हे सांगता येणे आणि तो दुरुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटात दुखते की छातीत हे सांगण्यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही.

हेही खरे, की काही बिघाडांवर आपल्या हाती उपाय नसतो. कंपनी जुन्या टीव्हीसाठी नवे सॉफ्टवेअर देणे थांबवते आणि धडधाकट टीव्ही हळूहळू बहिरा होतो. २०१५ साली यूट्यूबचे जुने ॲप बंद झाले, तेव्हा २०१२ पर्यंतच्या अनेक टीव्हींवरून यूट्यूब नाहीसे झाले. ३० सप्टेंबर २०२१ रोजी फार मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या काही जुन्या उपकरणांना अनेक स्थळे उघडता येईनात. काच शाबूत, आवाज शाबूत, फक्त विश्वासाची यादी शिळी! अशा वेळीही बिघाडाची जागा कळली, तर टीव्ही फेकावा लागत नाही. मागच्या एचडीएमआयच्या खाचेत एक छोटे उपकरण लावून काम भागते. आणि येथे प्रश्न एका घरापुरता राहत नाही. आपल्या देशात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. पण ‘टीव्ही बिघडला’ एवढेच म्हणणाऱ्या ग्राहकाला हक्क असून काय उपयोग? तक्रार करायलासुद्धा नेमके वाक्य लागते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे, मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांनाही. आपल्या महाविद्यालयात महिन्यातून एका शनिवारी, वाचनालयाच्या ओसरीवर, एक टेबल मांडू या. कुणाचा राऊटर, कुणाचा रेडिओ, कुणाची इस्त्री. पेठेतल्या अण्णांसारख्या माणसांना सन्मानाने बोलवू या. दुरुस्ती झाली तर उत्तम. न झाली तरी प्रत्येकाने घरी जाताना एक वाक्य लिहून न्यावे : काय चालते, काय चालत नाही आणि गाडी कुठे अडते. यासाठी अनुदान लागत नाही, की नवा अभ्यासक्रम लागत नाही.

परवा आजीचा फोन आला. दोन महिन्यांत प्रथमच काहीतरी अडले होते. मला वाटले, पुन्हा ‘माझं काही चुकलं का’ असे ऐकावे लागणार. पण ती म्हणाली, “अगं, वायफाय लागलंय, तारीखही बरोबर दिसतेय. बाकी सगळं उघडतं, फक्त तेवढं कीर्तन उघडत नाही. बहुतेक त्यांच्याकडेच काहीतरी झालंय. उद्या बघू.”

खरोखर त्यांच्याकडेच काहीतरी झाले होते; दुसऱ्या दिवशी ते उघडले. पण मला आनंद झाला तो त्याचा नव्हे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माझ्या आजीचे ते वाक्य पोकळ नव्हते आणि रिमोट तिच्या हातात होता.