उन्हात उभ्या गाड्यांतील मुक्या जनावरांसाठी निवेदन

प्रति,
१) मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर
२) मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली

प्रतिलिपी : मा. क्षेत्र संचालक, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, चंद्रपूर; मा. पोलीस अधीक्षक, चंद्रपूर व गडचिरोली

विषय : उन्हाळ्यात बंद वाहनांत जनावरे ठेवण्यास आळा घालणे आणि प्रवेशबंदीच्या ठिकाणी त्यांच्यासाठी सावली-पाण्याची सोय करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन सादर करतो की, एप्रिल-मे महिन्यांत आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि मेअखेरच्या नवतपात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे तो ४७ च्या आसपास पोहोचणे नवे राहिलेले नाही. अशा उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीच्या आत काय होते, याची मोजमापे उपलब्ध आहेत. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाहेर २२ ते ३६ अंश तापमान असताना गाडीच्या आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवूनही विशेष फरक पडला नाही. बाहेर २२ अंशांचा आल्हाददायक दिवस असताना आत ४७ अंशांपर्यंत मजल गेली. म्हणजे तिकडे बंद गाडीत तासाभराने जी उष्णता साचली, ती आपल्याकडे मे महिन्यात भर रस्त्यावरच असते. गाडी तापायला सुरुवात होते ती तिथून पुढे.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचा ओलावा उडवूनच तो शरीर थंड राखतो. बंद गाडीतली हवा त्याच्या अंगापेक्षा तापलेली, आणि त्याच्याच श्वासाने दमट झालेली असते. तिथे ही युक्ती चालत नाही. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या वर गेले की जीव धोक्यात येतो. जीभ रुंद होऊन लोंबते, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात. तो काचेवर पंजे मारतो आणि त्या धडपडीने आणखी तापतो. मग शांत होतो. बाहेरून जाणाऱ्याला वाटते, झोपला असेल. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची ही अवस्था आणखी लवकर होते.

हे केवळ मालकाच्या निष्काळजीपणाने घडते असे म्हणून थांबता येणार नाही. ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव प्रवेशद्वारांतून पाळीव कुत्रा आत नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपरसारखा रोग वाघ-बिबट्यांपर्यंत पोहोचू शकतो. पर्यटक जिप्सीत बसून दुपारच्या फेरीला काही तासांसाठी जातो, त्याची स्वतःची गाडी दाराशी उन्हात उभी राहते. कचेरी, दवाखाना, बँक किंवा चैत्रातली महाकाली यात्रा, सगळीकडे प्रश्न तोच. जनावराला आत मज्जाव करणारा नियम आपण केला, पण त्याला बाहेर कुठे ठेवायचे हे ठरवले नाही. मग उरते ती गाडी. म्हणून जिथे प्रवेशबंदीचा फलक आहे, तिथे सावलीची जबाबदारीही फलक लावणाऱ्याचीच, हे माझ्या मागणीचे सूत्र आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हे शहरी हौशी लोकांचे चोचले आहेत. इथे माणसांनाच उष्माघात होतो. परंतु आठवडी बाजाराच्या गावी ताडपत्रीखाली शेळ्या-कोंबड्या भरून उभा असलेला टेम्पो हा याच प्रश्नाचा भाग आहे आणि त्यातले नुकसान गरिबाचे असते. शिवाय जी गाडी कुत्र्याला मारते ती झोपलेल्या मुलालाही सोडत नाही. एकच उपाय दोघांना वाचवतो. दुसरा आक्षेप एसी चालू ठेवण्याचा. मालक दूर असताना इंजिन किंवा एसी बंद पडला तर ते कळणार कोणाला? तिसरा आक्षेप, मदतीच्या नावाखाली कोणीही काचा फोडेल. त्यासाठीच लेखी कार्यपद्धती हवी; ती नसल्यामुळे आज बघणारा एकतर कायदा हातात घेतो किंवा नुसता बघत राहतो.

जनावरांना उन्हापासून वाचवण्याचा विचार कायद्याला परका नाही. ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनुसार, तापमान ३७ अंशांपेक्षा जास्त असेल तिथे दुपारी १२ ते ३ बैल जुंपता येत नाही. मोकळ्या हवेतल्या बैलाला जे संरक्षण आहे, ते बंद डब्यातल्या जनावराला नसावे हे विसंगत आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली पहिल्या गुन्ह्यास कमाल दंड अवघा ५० रुपये आहे. तेव्हा दंडाच्या धाकावर विसंबण्यापेक्षा व्यवस्था उभी करणे अधिक फलदायी ठरेल. त्यानुसार पुढील मागण्या सादर आहेत :

१) ताडोबाची प्रवेशद्वारे, यात्रास्थळे, बाजार व शासकीय कार्यालयांच्या वाहनतळांवर मांडव आणि पिण्याचे पाणी असलेली, राखणदार नेमलेली जागा असावी.
२) सफारीची नोंदणी करतानाच पाळीव प्राणी सोबत न आणण्याची ठळक सूचना मराठी व हिंदीत द्यावी.
३) ११२ वर खबर आल्यास मालकाचा शोध, पंचासमक्ष गाडी उघडणे आणि पशुवैद्यकीय मदत यांची कार्यपद्धती पोलिसांनी लेखी जाहीर करावी.
४) वाहनतळाच्या ठेकेदाराच्या करारात मार्च ते जून दर तासाला पाहणीची अट घालावी.
५) जिल्ह्यांच्या उष्णता कृती आराखड्यात उभ्या वाहनांतील मुले व जनावरे यांचा स्वतंत्र उल्लेख करावा.

मांडवांना लागणारा बांबू आपल्याच जंगलात आहे. हिरवी जाळी आणि रांजण कोणत्याही बाजारात मिळतात. नवतपा २५ मेच्या सुमारास लागतो. मांडव त्याआधी उभे राहावेत, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
निवेदनकर्ता नागरिक, चंद्रपूर