रस्सा कशाचा?



दिवाळीनंतर आठ दिवस पुण्यास मुलाकडे मुक्काम होता. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी नात एके दिवशी म्हणाली, "आजोबा, खामगावला परत जाण्याआधी तुम्हाला एकदा रामेन खाऊ घालते. मॉलमध्ये जपानी हॉटेल आहे आणि तिथे शाकाहारीही मिळतं." रामेन हा शब्द मी प्रथमच ऐकत होतो. आमच्या सौभाग्यवतींचा तर कोणा रामेनभाईंकडे जेवणाचे आमंत्रण असल्याचा समज झाला होता. त्या बाहेरचे काही घेत नाहीत, म्हणून आम्ही दोघेच निघालो. सूर्यास्तापूर्वी आटोपावे या हेतूने साडेचारलाच जाऊन बसलो.

रामेन म्हणजे गव्हाच्या लांब शेवया, खोल वाडग्यात, भरपूर गरम रश्श्यात बुडविलेल्या. मूळ चीनचे हे खाद्य जपानने आपलेसे केले. टोकियोच्या असाकुसा भागात 1910 साली निघालेल्या एका उपाहारगृहापासून त्याचा प्रसार वाढला असे मानतात. पुढे 1958 साली मोमोफुकु आंदो यांनी या शेवया तळून, वाळवून पाकिटात भरल्या. आपल्या घरातील मुले मसाल्याची पुडी बाजूला ठेवून ज्या नूडल्स खातात, त्यांचे कूळ हेच.

पत्रिकेवर एका पदार्थापुढे हिरवा ठिपका होता. नातीने तोच मागविण्यास सुचविले. मी वाढणाऱ्या मुलास विचारले, "रस्सा कशाचा?" तो म्हणाला, "प्युअर व्हेज, सर." मी म्हटले, "भाज्या दिसतातच. त्या ज्यात शिजतात ते पाणी कशाचे?" तो आत जाऊन आला आणि तेच उत्तर पुन्हा दिले. बँकेत तपासणीची कामे करण्यात माझी बरीच वर्षे गेली. पत्रकाची बेरीज जुळली एवढ्याने खाते तपासून होत नाही. आरंभीची शिल्लक कोठून आली, हे पाहावे लागते. मी आचाऱ्यास भेटण्याची विनंती केली. नात हळूच म्हणाली, "आजोबा, प्लीज. लोक बघताहेत."

आचारी तरुण होता, ईशान्येकडचा. हात पुसत आला आणि अदबीने उभा राहिला. मी प्रश्न पुन्हा मांडला. क्षणभर थांबून तो म्हणाला, "अंकल, सच बोलूँ तो, आप मत खाइए." मग त्याने सगळे उलगडून सांगितले. मांसाहारी रामेनचा रस्सा डुकराच्या हाडांचा, अनेक तास उकळलेला असतो. तो या पदार्थात नव्हता. परंतु वाडग्याच्या तळाशी जो खारट अर्क प्रथम ओततात, त्यात वाळविलेल्या, धुरावलेल्या माशाच्या पातळ चकत्यांचे पाणी होते. जपानी स्वयंपाकात हे पाणी आपल्या फोडणीइतके नित्याचे. त्याची कोणी वेगळी नोंद करीत नाही. लसूण आणि कांदा तर होताच. पत्रिका कोणी छापली हे त्या बिचाऱ्यास माहीत नव्हते.

मी आभार मानले. समोर पाहिले तर नातीचा चेहरा उतरला होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजोबा, मी मैत्रिणींबरोबर इथे तीन वेळा खाल्लंय. हेच."

मी काही बोललो नाही. काय बोलणार? अजाणता घडले, हे खरे. पण विचारण्याची लाज वाटल्यामुळे अजाणता राहिलो, तर त्यास प्रमाद म्हणावे लागते, हेही तिला पाठशाळेपासून ठाऊक होते. मलाच माझा एक प्रसंग आठवला. नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांच्या निरोप समारंभात केक वाटला गेला. सर्वांदेखत विचारायचे कसे, म्हणून खाल्ला. त्यात अंडे होते, हे दुसऱ्या दिवशी कळले. चाळीस वर्षांत हे मी घरी सांगितले नव्हते. ते त्या टेबलावर नातीला सांगितले.

मग आम्ही मिठाच्या पाण्यात उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा मागविल्या. एक छोटी वाटी, किंमत तीनशे चाळीस रुपये! आडत दुकान असलेल्या वाचकांनी हिशेब करावा. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनने शेते भरलेली असतात, पण ते तेल आणि पेंडीसाठी. ओली शेंग सोलून खाण्याचे आपल्याला कधी सुचले नाही. चव थेट ओल्या हरभऱ्याच्या घाट्यांची.

त्या आचाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. या शेवया पिवळसर व चिवट होतात त्या अंड्यामुळे नव्हे, तर पीठ मळताना घातलेल्या खाऱ्या पाण्यामुळे. त्यात सोडियम व पोटॅशियम कार्बोनेट असते. म्हणजे आपल्या पापडखाराचाच भाऊबंद! लोणारच्या सरोवराचे पाणीही याच क्षाराचे. तिथला खार पूर्वी दूरवर विकला जाई आणि काच व साबण यांसाठी लागणाऱ्या तिथल्या द्रव्यांचा उल्लेख ऐन-इ-अकबरीतही आहे. पदार्थ परका, पण खार घरचा.

जपानला आपला विचार अगदीच अपरिचित आहे असेही नाही. तिथल्या झेन मठांत शतकानुशतके असा स्वयंपाक चालत आला आहे की ज्यात मांस, मासे तर नाहीतच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. डोगेन या आचार्यांनी मठातील आचाऱ्याच्या कर्तव्यांवर 1237 साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या स्वयंपाकात रस्सा समुद्रातील शेवाळ आणि वाळविलेल्या अळिंब्यांचा करतात. अळिंबी आपल्याला चालत नाही. शेवाळाचे काय, हा प्रश्न मी महाराजांना विचारण्यासाठी वहीत लिहून ठेवला आहे. पण मॉलमधील दुकानास हे सारे ठाऊक असण्याचे कारण नाही. ठिपका हिरवा छापला की त्याचे काम संपते.

परतीच्या रिक्षात नात म्हणाली, "आजीला सांगू नका." मी होकार दिला. पण रात्री ती स्वतःच आजीजवळ जाऊन बसली आणि दार लोटून घेतले. काय बोलणे झाले, ते दोघींनी मला अद्याप सांगितलेले नाही.

हा मजकूर छापण्यास देण्यापूर्वी मी तिला दूरध्वनीवर वाचून दाखविला. मूळ मसुद्यात तिने तिथे एकदा खाल्ल्याचे लिहिले होते; तिची बाजू थोडी राखावी, एवढाच हेतू. ती म्हणाली, "आजोबा, तीन वेळा. नोंद बरोबर करा." त्याप्रमाणे दुरुस्ती केली आहे.