ठेव आपली, शोधायचीही आपणच?

मंडळी, घरातली जुनी ट्रंक एकदा उघडाच. आमच्याकडे काकांचं पासबुक असंच सापडलं. काका जाऊन बारा वर्षं झालेली. वारस म्हणून काकूंचं नाव बँकेत लिहिलेलं, तरी एक साधं पत्र आलं नाही. तेच कर्जाचा हप्ता चुकू द्या, लगेच दारात माणूस उभा!

खात्यात 10 वर्षं व्यवहार झाला नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. जाते म्हणजे बुडत नाही हं. हक्क कायम, मागायला मुदत नाही, बचत खातं किंवा ठेव असेल तर व्याजही मिळतं. 2023 पासून ‘उद्गम’ पोर्टलवर नाव, सोबत पॅन किंवा जन्मतारीख टाकून फुकटात शोधता येतं. पैसे मात्र बँकेतच कागदपत्रं देऊन मागायचे. पतसंस्थेची ठेव तिथे दिसत नाही, त्यासाठी संस्थेतच जा.

पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण काकूंसारख्या बाईनं ते उघडायचं कसं? याद्या वेबसाइटवर टाकून मोकळं होऊ नका. वारसाचं नाव दप्तरी आहे ना, मग गावच्या शाखेनं माणूस तिच्या दारीही पाठवावा. काकूंना पैसे मिळाले, पण चार हेलपाटे घालून.